साखळी धरणारे हात

या अंकाचा विषय माळरान आहे हे कळल्यावर आपल्यातल्याच काही मित्रांच्या कपाळाला आठ्या पडल्या. 'अॅट्रॉसिटीच्या केसेस धूळ खात पडल्यात, पोरांच्या स्कॉलरशिपा अडकल्यात, आणि तुम्ही गवत मोजायला निघालात? पाखरं मोजायला पुण्या-मुंबईची पोट भरलेली माणसं हायती की!' राग खरा आहे, आणि तो राग असलाच पाहिजे. पण मित्रांनो, सोलापूरच्या माळावर जे मोजलं जातंय ते नुसतं गवत नाही. जमीन मोजली जातेय. आणि जमिनीची मोजणी लागली की कुणाचं तरी काहीतरी जातं, हे आपल्या माणसांना सांगावं लागत नाही.

आधी मोजणीची जुनी गोष्ट बघू, कारण नवी तिच्याच पोटातून निघाली आहे.

१८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी शेजारच्या इंदापुरात जमिनीची नव्यानं मोजणी सुरू केली. पुढच्या काही वर्षांत ती आपल्या तालुक्यांतही पोचली. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, तिचे भाग सोळा. प्रत्येक भागाला म्हणत आणा. साखळी लांब, साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावरचा हिशोब अजून याच साखळीला बांधलेला आहे. जमिनीची प्रतही आण्यांतच लावली. सोळा आण्यांपासून दोन आण्यांपर्यंत नऊ प्रती. काळी खोल जमीन वर, मुरमाड उथळ जमीन खाली. जे सारा देत नाही ते पड, मुलकी पड, पोटखराबा.

ही साखळी ओढली कुणी? मोजणीदार छत्रीखाली, आणि उन्हात साखळी, झेंडा, हद्दीचा दगड घेऊन पळणारा वेठीचा गावकामगार. तो आपला माणूस. शिवेचा दगड कुठं पुरलाय हे गावात आधी महाराला ठाऊक. दोन गावांत शिवेचा तंटा पेटला की महाराला उभा करत, त्याच्या साक्षीवर शीव ठरे. सगळ्या गावाची हद्द ज्याच्या डोक्यात, त्याच्या नावावर काय होतं? हाडकी-हाडोळा. तीही मालकीची नव्हे, राबणुकीच्या बदल्यातली. बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ ला मुंबईच्या कौन्सिलात वतनाचं बिल मांडलं ते या गुलामीचा दोर तोडायला. कायद्यानं कनिष्ठ गावकामगारांची वतनं जायला १९५९ उजाडलं. जमीन परत मिळवायची तर वर पैसे भरा, आणि सातबाऱ्यावर शिक्का 'नवी शर्त'. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि तरी ती कुणाच्या घशात गेली हे ज्यानं त्यानं आपल्या गावात बघावं.

साखळी धरणाऱ्या हाताला जमीन नाही, हा झाला जुन्या मोजणीचा निकाल. आता नवी.

नवी मोजणी आकाशातून होते. उपग्रह जमिनीचा फोटो काढतो, कॉम्प्युटर त्याचे चौकोन पाडतो, आणि प्रत्येक चौकोनाला एक नाव देतो. शेती, जंगल, पाणी, वस्ती, पडीक. मग हिशोब सुरू होतो. गवताची ठिगळं किती, केवढी, एकापासून दुसरं किती लांब, काठ किती आणि गाभा किती. कार्ल ट्रोल नावाच्या जर्मन भूगोलतज्ज्ञानं विमानातून काढलेले फोटो बघत १९३९ साली या शास्त्राचं नाव ठेवलं. १९९५ साली अमेरिकेत फ्रॅगस्टॅट्स नावाचा कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम निघाला आणि ठिगळं मोजणं सोपं झालं. आज जंगलखात्याचा आराखडा असो की विद्यापीठातला प्रबंध, हीच भाषा चालते. वरून बघणाऱ्यांचं शास्त्र म्हणून ते फेकून द्यावं असं मी म्हणणार नाही. त्यात दम आहे. तो कसा ते साध्या गणितानं सांगतो.

एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद असा गवताचा माळ धरा. शंभर हेक्टर. रस्ता, कुत्री, माणसांचा वावर यांची झळ काठापासून शंभर मीटर आत लागते असं धरा. तर आत निवांत गाभा उरतो चौसष्ट हेक्टर. याच माळाचे चार सारखे तुकडे करून लांब लांब ठेवले तर सगळे मिळून गाभा छत्तीस हेक्टर. सोळा तुकडे केले तर चार हेक्टर. पंचवीस केले तर शून्य. आणि गंमत अशी की तलाठ्याच्या दप्तरात चारही वेळा गवत शंभर हेक्टरच. एक गुंठाही कमी झालेला नाही, आणि माळढोकाला अंडं घालायला जागा उरलेली नाही. हा पक्षी एका वेळी एकच अंडं घालतो, तेही उघड्या भुईवर. त्याला क्षेत्रफळ पुरत नाही, सलग क्षेत्र लागतं. हे कळायला तुकडे मोजावेच लागतात. शेताचे तुकडे पडू नयेत म्हणून सरकारनं १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा केला. माळाचे तुकडे मात्र कुणाच्या वहीत मांडले नाहीत.

आता या शास्त्राचा आपल्याकडचा संसार बघा. नान्नजच्या माळावर माळढोक आहे म्हणून १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर. आपला सगळा सोलापूर जिल्हा १४,८९५ चौरस किलोमीटरचा! उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा असे तालुकेच्या तालुके एका फटक्यात पाखराच्या नावावर. त्यात ऊस, रस्ते, बाजारपेठा, गावं सगळं आलं. गवत कुठं आहे, ठिगळं केवढी आहेत, ती जोडायची कशी, हे न बघता तालुक्याच्या रेघा बघून अभयारण्य आखलं. परिणाम ठरलेला होता. जमिनीचे व्यवहार अडले, बांधकामं अडली, आणि लोक म्हणायला लागले, हे पाखरू एकदाचं मरू दे. पुढं प्रकरण कोर्टकचेऱ्यांतून फिरत २०१२ च्या सुमारास क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. तोवर माळढोक संपत आला होता. अलीकडच्या वर्षांत नान्नजला गणतीच्या दिवशी एखादा दिसला तर बातमी होते.

का संपला? गणितानं सांगितलं, तुकडे पडले. बरोबर. पण तुकडे कुणी पाडले हे गणित सांगत नाही. ठिगळांच्या आकड्याला आडनाव नसतं.

१९८० साली उजनी धरण पुरं झालं. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा आपला जिल्हा, आणि राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने असणाऱ्या जिल्ह्यांत त्याचं नाव. कालवा आला, मोटारी आल्या, ऊस आला, मग डाळिंब-द्राक्षं. माळ फोडायला जेसीबी आला. शहराभोवती बिनशेतीचे प्लॉट पडले, रस्ते रुंदावले, विजेच्या तारा गेल्या. एवढा मोठा पक्षी, त्याला समोरचं नीट दिसत नाही, तो तारेला धडकून मरतो. हा एक हात.

दुसरा हात आपला. १९६४ च्या ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. लाखो बाया-बापे तुरुंगात गेले. मागणी काय होती? पडीक सरकारी जमीन, गायरान, जंगलखात्याकडची पड कसायला द्या. त्या लढ्याच्या जोरावर मराठवाड्यात, सोलापुरात आपल्या माणसांनी गायरानं कसली. एकर-दोन एकर, मुरमाड, बिनपाण्याची. शासनाला २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय काढावा लागला, की १४ एप्रिल १९९० पर्यंतची अनुसूचित जाती-जमातीच्या भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणं नियमित करावीत. हेही माळाचे तुकडेच आहेत, आणि मी ते लपवणार नाही. पण आपण माळावर का गेलो हे विचारा ना! काळी जमीन कुणी वाटलीच नाही म्हणून गेलो. १९६१ च्या सीलिंग कायद्यानं साखर कारखान्यांकडची हजारो एकर चांगली जमीन काढली. ती १९६३ साली शेती महामंडळाकडं गेली आणि पुढं मूळ खंडकऱ्यांना परत मिळू लागली. त्या वाटपात भूमिहीन दलिताचं नाव दुर्बीण लावून शोधा. सोळा आण्यांची जमीन ज्याची त्याच्याकडं राहिली. आपल्या वाट्याला दोन आण्यांची, आणि आता तीही पाखराची होती म्हणतात.

नकाशात काय दिसतं? उसाचे चाळीस एकरही 'शेती', आणि आपल्या बाईनं हातानं दगड वेचून केलेली दोन एकर बाजरीही 'शेती'. एकच रंग. आता पाखराला विचारा. माळढोक बिनपाण्याच्या पिकात, बाजरी-ज्वारीत, भुईमुगात किडे-टोळ टिपायला उतरतो, उसात नाही. गवत आणि कोरडवाहू असा मिसळलेला माळ त्याला शतकानुशतकं चालत आलाय. म्हणजे ज्या रेघेवर त्याचं जगणं अवलंबून आहे ती गवत आणि शेती यांच्यामधली नाही, ती कोरडवाहू आणि बागायत यांच्यामधली आहे. पण नकाशा करणाऱ्यानं सूचीत तो खाना पाडला नाही, की आकडा उसाची पापं बाजरीच्या डोक्यावर घालतो. कॉम्प्युटरला जात कळत नाही हे कबूल. खाने पाडणारा माणूस कुठल्यातरी घरातून आलेला असतो.

तशीच गोष्ट 'पडीक' या शब्दाची. इंग्रजानं साऱ्यासाठी काढलेला शब्द दिल्लीवाल्यांनी उपग्रहाला चिकटवला. २००० साली देशाच्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह छापला, पुढंही आवृत्त्या निघाल्या. त्यात झुडपी माळ पडीक, चरायची कुरणं पडीक. २०२२ साली मधुसूदन आणि वनक या दोन संशोधकांनी देशातल्या कोरड्या प्रदेशांतली ही उघडी रानं नव्यानं मोजली. ती निघाली तीन लाख चौरस किलोमीटरच्या घरात, देशाच्या जमिनीचा सुमारे दहावा हिस्सा, आणि त्यातली पाच टक्केसुद्धा कुठल्या अभयारण्यात नाहीत. झाड नाही म्हणून माळाला ओसाड म्हणणं म्हणजे टक्कल पडलं म्हणून माणूस मेला म्हणण्यासारखं आहे. कुसळी, मारवेल, पवना, त्यावर जगणारी हरणं, खोकड, लांडगा, चंडोल, धाविक आणि त्यावरच जगणारी धनगराची मेंढरं. एवढं सगळं नांदतंय आणि कागद म्हणतो, निरुपयोगी. मग २०१९ साली तेहतीस कोटी झाडांचा सरकारी उत्सव आला की खड्डे कुठं पडणार? नान्नजच्या गवतात तर जंगलखात्यानंच पूर्वी गिरिपुष्पाची झाडं लावली होती. ज्याला उघडं रान लागतं त्याच्या घरात झाडं भरायची आणि वर वनीकरणाचा आकडा मिरवायचा!

ओसाड, निरुपयोगी, गावाबाहेरचं. ही विशेषणं आपल्याला कुणी शिकवायला नकोत. गावगाड्यानं माणसांचाही असाच नकाशा काढला होता. गाभ्यात वाडा, देऊळ, पाण्याची विहीर. कुसाबाहेर महारवाडा-मांगवाडा. पारध्यांना तर शिवारातही ठिगळ नाही. गुन्हेगार जमाती कायद्याखाली याच सोलापुरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट होती, आणि तो कायदा जायला ३१ ऑगस्ट १९५२ यावा लागला.

आता चौकोनाच्या मापाचं बघू. हे नीट ऐका, कारण आपल्या पोटाशी याचा संबंध आहे. देशाची जमीन कशी वापरली जाते याचे दरवर्षीचे सरकारी नकाशे बरीच वर्षं ज्या कॅमेऱ्याच्या फोटोंवर निघाले त्याचा चौकोन छप्पन्न मीटरचा. एक चौकोन म्हणजे एकतीस गुंठे. त्यात जे सगळ्यात जास्त, त्याचं नाव चौकोनाला. आपलं दोन एकराचं रान त्यात अडीच चौकोनांचं. शेजारी उसाचा फड असला की अर्धा चौकोन उसात, अर्धा पडीत, आणि आपलं रान नकाशावरून गेलं. ओढ्याकाठची गवताची पट्टी, बांध, दहा गुंठ्यांचं खळं, सगळं गेलं. लँडसॅट नावाच्या अमेरिकन उपग्रहाचा चौकोन तीस मीटरचा, म्हणजे नऊ गुंठ्यांना थोडा कमी. आणि २०१५ पासून युरोपचा सेंटिनेल-दोन उपग्रह फिरतोय, त्याचा चौकोन दहा मीटरचा. दहा मीटर म्हणजे किती? तेहतीस फूट. विंगेटची साखळी! एक चौकोन, एक गुंठा. पावणेदोनशे वर्षांनी साखळी आकाशात गेली, आणि या वेळी ती कुणाच्या बापाची नाही. तिचे फोटो फुकट मिळतात. ते बघायचं क्यूजीआयएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. भूगोलात एम.ए. करून कुठल्यातरी संस्थेत तासिका तत्त्वावर राबणारी आपली पोरं-पोरी ते चालवू शकतात.

घाई कशापायी, तर दारात नोटीस उभी आहे म्हणून. २८ जानेवारी २०११ ला सुप्रीम कोर्टानं जगपाल सिंगच्या खटल्यात गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा म्हणून सगळ्या राज्यांना बजावलं. २०२२ च्या ऑक्टोबरात मुंबई हायकोर्टानं गायरानांबद्दल तोच आदेश दिला आणि गावोगाव नोटिसा फिरल्या. २०११ च्या त्याच निकालात भूमिहीन मजुरांना, अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेखाली दिलेल्या जागांचा अपवाद लिहिलेला आहे. नोटीस देणारा तेवढं पान उलटत नाही.

माझी भूमिका सरळ आहे, आणि ती काही मित्रांना टोचेल. उरलेला सलग माळ फोडू नये. कुणीच फोडू नये, आपणही नाही आणि गायरानाचे प्लॉट पाडून विकणारे आपल्यातले नवे पाटील तर नाहीच. तो माळ मेंढरांचाही आहे, लांडग्याचाही आहे. पण १९९० च्या आधीपासून कसलेली दोन एकर ही 'माळाला लागलेली कीड' म्हणून कुणी नकाशा नाचवत आला तर त्याला आधी उसाचा रंग वेगळा काढायला लावा. भूमिहीनाला जमीन पाहिजे ती काळी द्या, कालव्याखालची द्या. माळ आपोआप वाचेल.

कामाचं आता सांगतो. गायरान नियमित करायला पुरावा लागतो १४ एप्रिल १९९० च्या आधीच्या वहिवाटीचा. दंडाच्या पावत्या आणि गाव नमुना १-ई मधली नोंद हा पहिला पुरावा. बऱ्याच ठिकाणी तलाठ्यानं नोंदच केली नाही, पावती फाडलीच नाही. तिथं लँडसॅटचे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातले जुने फोटो काढा. दोन एकराचं रान त्यात नऊ चौकोनांचं दिसतं, आजूबाजूच्या गवताहून वेगळं निघतं का बघा. आणि फोटोचा महिना बघा, महिन्यातच सगळी चलाखी आहे. एप्रिलचा फोटो काढला तर माळही उघडा, रानही उघडं, आणि साहेब म्हणणार 'वहिवाट दिसत नाही'. पावसाळ्यात वर ढग, खाली गवतही हिरवं आणि पीकही हिरवं. माळाच्या हलक्या जमिनीत बाजरी, मटकी, हुलगा निघून जातो, पण तूर डिसेंबरापर्यंत हिरवी उभी असते आणि गवत तोवर पिवळं पडलेलं असतं. तेव्हाचा फोटो मागा. काळ्या रानात शाळू असेल तर जानेवारीचा चालेल. फोटो एकटा पुरेल असं मात्र समजू नका. वनहक्काच्या दाव्यांत २०१२ च्या नियमांनी स्पष्ट लिहिलंय की उपग्रहाचा फोटो इतर पुराव्याला जोड आहे, त्याची जागा घेणार नाही. तो नियम वनहक्काचा असला तरी युक्तिवाद आपल्याही कामाचा. कागद नसेल तर म्हाताऱ्या माणसांचे जबाब घ्या. शेजारच्या कोणत्या झाडापासून कोणत्या दगडापर्यंत, हे त्यांना अजून तोंडपाठ असतं.

पुढच्या अंकात उत्तर सोलापूर आणि मोहोळ तालुक्यातल्या गावांचे नकाशे छापायचे आहेत. सूचीत खाने आपण पाडायचे. सलग गवत, तुटकं गवत, कोरडवाहू, बागायत, गायरानावरचं घर, मेंढरांची वाट, स्मशान. ज्यांना गावात हिंडायला वेळ आहे त्यांनी १-ई ची नक्कल तारीख-सहीसकट घेऊन ठेवावी. तलाठी देत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा आणि पोच घ्यायला विसरू नये.

जय भीम.